सव्वादहाची नोंद

रागिणीविषयी लिही असं मला कुणी सांगितलेलं नाही. मला लिहायची सवयही नाही. कृषी विद्यापीठाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत होतो तेव्हा नमुन्यांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लिहायचो, तेवढंच. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या जिन्यात जे घडलं आणि तिनं ते ज्या चिकाटीनं शोधून काढलं, ते कुठेतरी नोंदलेलं असावं असं वाटत राहिलं. त्यात घाण बरीच आहे. ती वगळून लिहून पाहिलं, जमलं नाही.

आमची इमारत अकोल्यात जठारपेठेत आहे. तीन मजले, सहा घरं, खाली गाड्या लावायची जागा. दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं, मी आणि माझी बायको वच्छला. समोरच्या दारात रागिणी. वय चौतीस, एकटीच राहते. मूळची शेंदूरजनाघाटची, वडिलांचा संत्र्याचा बगिचा आहे. तिचा धाकटा भाऊ कुलदीप जन्मापासून ऐकू न येणारा. त्याच्यासाठी घरातल्यांनी आपापल्या खुणा बनवल्या होत्या. संत्र्याची एक, पावसाची एक, बाबा चिडले आहेत याची एक. घरातल्या बाकीच्यांचं तेवढ्यावर भागलं. रागिणीचं भागलं नाही. ती अमरावतीला जाऊन खुणांची पूर्ण भाषा शिकली आणि येऊन भावाला शिकवली. मग सात वर्षं साडीच्या दुकानात उभी राहिली, कारण त्या भाषेची नोकरी कुठे मिळते ते कुणालाच माहीत नव्हतं.

ती मिळाली मागच्या वर्षी, पुण्याच्या एका कंपनीत, पण घरी बसून करायची. ऐकू न येणारा माणूस बँकेत किंवा दवाखान्यात जातो, फोन उघडतो, त्यात रागिणी दिसते. समोरचा डॉक्टर बोलतो ते ती हातांनी सांगते, आणि याचे हात बघून ती डॉक्टरला बोलून सांगते. त्यासाठी तिनं खोलीत एका भिंतीवर गर्द निळी चादर टांगली आहे. अंगात साधा काळा कुर्ता. बांगड्या चमकतात म्हणून काढून ठेवते. दार उघडं असलं की मला जाता येता तिचे हात दिसायचे. मला त्यातलं काही कळत नाही, पण कामाचे हात ओळखू येतात.

एप्रिलमध्ये तिचं इंटरनेट तुटायला लागलं. दिवसातून तीनचार वेळा, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग आपोआप सुरू.

एके दिवशी दुपारी तिनं आमचं दार वाजवलं. हातात वही होती.

"काका, तुमचं नेट बी जाते का मधात?"

मी वच्छलाकडे बघितलं. आमच्याकडे इंटरनेट तिच्या मालिकांसाठी आहे.

"जाते म्हनजे?" वच्छला म्हणाली. "रोज संध्याकाळी सवासहाले माही मालिका अडकते. ती सून रोज तोंड उघडं ठेवून थांबते. मले वाटलं तिले बोलाचंच नाई."

रागिणी हसली, पण बसली नाही. म्हणाली, "आवाज तुटला तं आपन हॅलो हॅलो तरी करतो, काकू. त्या लोकांले माहा फक्त हवेत थांबलेला हात दिसते. मी काही सांगून राहिली का नाई, हेच त्यांले समजत नाई." मग सांगितलं की दोन तक्रारी झाल्या आहेत. कोणत्या माणसाच्या, काय बोलणं चाललं होतं, ते ती कधी सांगत नाही, तसा नियम आहे. तिच्या कंपनीतल्या वरिष्ठ गीतांजली मॅडमचा फोन आला होता. तिसरी तक्रार झाली तर काम बंद. आणि त्याआधी एका शनिवारी मॅडम स्वतः दहा ते एक बसून बघणार होत्या, कनेक्शन टिकतं का.

"घरचे म्हणतात वापस ये," ती म्हणाली. "वापस जाऊन काय करू? संत्री मोजू?"

तिनं काय काय करून पाहिलं होतं ते ऐकून मला आमची प्रयोगशाळा आठवली. आधी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन. तिकडून रोज नवा माणूस तेच सांगायचा, लॅपटॉप बंद करून चालू करा. तिनं तो इतक्यांदा बंद करून चालू केला की बटण ढिलं झालं. मग मैत्रिणीचा लॅपटॉप आणून लावला, तोही तुटला. म्हणजे लॅपटॉपचा दोष नाही. मग भिंतीवरच्या वायफायच्या डब्यातून लॅपटॉपपर्यंत वायर ओढली, तरी तुटलं. म्हणजे हवेतल्या सिग्नलचा दोष नाही. कूलर मध्ये येतो असं कुणीतरी सांगितलं, तर चव्वेचाळीस अंशांत कूलर बंद करून बसली. तरी तुटलंच. मग डबाच बदलून घेतला. एकेक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या आणि लिहून ठेवायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"तुटते तवा डब्यावर बाहेरून येनाऱ्या वायरीचा दिवा इझते," ती म्हणाली. "म्हनजे दोष घराच्या बाहेर आहे. काका, तुमच्या डब्यावरचा बी तोच दिवा पाहसान का? इझला की टाइम लिहून ठेवजा."

मी हो म्हणालो. वहीला रेघा मारल्या. बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला नोंदी ठेवायला सांगितल्या होत्या आणि मला बरं वाटलं होतं. हे आता लिहिताना लाज वाटते.

चार दिवसांनी तिनं दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या.

"दोनचाळीसचं जुळते. सव्वासहाचं जुळते. पन काका, सव्वादहाचं तुमच्या वहीत काहीच नाई. माह्या वहीत रोज आहे."

"तेव्हा मी खाली असतो. येता येता सव्वादहा होतात, मग थेट आंघोळीला जातो."

"आन काकू?"

"काकू देवाजवळ बसते."

"असं," ती म्हणाली आणि वही मिटली. त्या वेळी मलाही त्यात काही दिसलं नाही. खरंच दिसलं नाही.

आता जिन्याबद्दल सांगायला हवं. आमच्या भागात खर्रा खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोळून देतात, तो तोंडात धरायचा आणि थुंकत राहायचं. मी चाळीस वर्षं खातो. वच्छलाला घरात त्याचा वासही चालत नाही, बेसिनमध्ये थुंकलेलं तर मुळीच नाही. आमचं बेसिन पांढरं शुभ्र आहे. म्हणून मी दाराच्या आत येण्याआधी तोंड मोकळं करतो. इमारतीतले सगळेच पुरुष तसंच करतात. घरं लख्ख आणि जिना बघवत नाही.

त्यावर उपाय म्हणून पाच वर्षांपूर्वी वर्गणी काढून जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात देवांच्या टाइल्स बसवल्या होत्या. त्या कोपऱ्यांत लोक थुंकायचे थांबले. खिडकीतून खाली थुंकू लागले, ते वेगळं. फेब्रुवारीत केबलवाला गोपाल पहिल्या मजल्याच्या वळणावर इंटरनेटची पेटी बसवायला आला. चाळिशीचा माणूस, कपाळाला टिळा. पेटी नेमकी टाइलच्या जागी यायची होती. देवाला ड्रिलनं भोक कसं पाडायचं म्हणून त्यानं टाइल अलगद सोडवून काढली, कपाळाला लावली आणि माझ्या हातात दिली. म्हणाला, "काका, तुमच्याकडं जपून ठेवा." मी ती कापडात गुंडाळून दारामागे ठेवली. पेटी खाली, गुडघ्याच्या उंचीवर बसली. झाकणाचा एक स्क्रू मिळाला नाही म्हणून ते एका बाजूनं लोंबत राहिलं.

पेटी बसली आणि कोपऱ्यातून देव गेला. पुढचं सांगायला नको.

बुधवारी सकाळी गोपाल चौथ्यांदा आला. आधी तीनदा आला तेव्हा सगळं सुरू होतं आणि "चालू तं आहे, ताई" म्हणून तो निघून गेला होता. या वेळी रागिणीनं त्याला घरात येऊच दिलं नाही. वह्या दाखवल्या आणि म्हणाली, "घरातलं सगळं पाहून झालं. पेटी उघडा."

मी तेव्हा खालून वर येत होतो. तोंड भरलेलं होतं. वळणावर ते दोघं दिसले म्हणून मी चार पायऱ्या खालीच थांबलो.

गोपालनं पाठीवरची पिशवी खाली ठेवली. मान वळवली, कोपऱ्यात पचकन थुंकला, आणि मग वाकून पेटीचं झाकण उघडलं. लगेच मागं सरकला.

"ईऽ. काय घान लोकं आहेत, ताई. हात घालावा वाटत नाई."

"आत्ता कोन थुकलं, भाऊ?" रागिणी म्हणाली.

गोपालनं कोपऱ्याकडे बघितलं. "मी तं बाजूले थुकलो."

"सारेच बाजूले थुकत असतीन."

तिनं मोबाइलचा टॉर्च लावला. मला पायरीवरून दिसलं. पेटीच्या तळाशी लालकाळा चिखल साचला होता, वाळलेला आणि त्यावर ओला. सुपारीचे तुकडे त्यात रुतलेले. एक मेलेलं झुरळ. सगळ्या घरांच्या वायरी एका छोट्या यंत्रात खोचलेल्या होत्या आणि सगळ्यात खालच्या दोन, म्हणजे तिची आणि आमची, त्या चिखलात बुडाल्यासारख्या होत्या. गोपालनं दोन बोटांच्या चिमटीत धरून एक वायर उपसली. तिच्या टोकाची तांब्याची पट्टी हिरवी झाली होती. वास माझ्यापर्यंत आला. तो माझ्या ओळखीचा वास होता, माझ्याच तोंडात होता.

"चुना आहे ना यात," गोपाल म्हणाला. "तांबं खाऊन टाकते. ओलं पडलं की लाइन जाते, वाळलं की येते."

मला तेव्हा कळलं. सव्वादहा, दोनचाळीस, सव्वासहा. सकाळी खालच्या मजल्यावरच्या देवरावांबरोबर पानठेल्यावरून येतो ती वेळ. दुपारी जेवणानंतर खाली जाऊन येतो ती वेळ. संध्याकाळची वेळ. माझी वही सव्वादहाला कोरी का होती, तेही कळलं. आणि तोंडात जे होतं ते थुंकायला जागा नव्हती. मी ते गिळलं. घरी जाऊन पांढऱ्या बेसिनमध्ये उलटी केली. वच्छला म्हणाली, "ऊन लागलं का?" मी हो म्हणालो.

रागिणीनं त्या दिवशी हातमोजे घालून, कापूस आणि स्पिरिट घेऊन ती पेटी आतून पुसली. गोपालनं दोन वायरींची टोकं नवी लावली, नवी पेटी उद्या आणतो म्हणाला. ती आजपर्यंत आलेली नाही. मी दाराच्या फटीतून तिचा खाली जाण्यायेण्याचा आवाज ऐकत होतो. जाऊन सांगायचं होतं. गेलो नाही. तिला कळलंच असेल, असंही वाटलं. मग वाटलं, नसेल कळलं तर बरं.

गुरुवारी मी तिथे थुंकलो नाही. लाइन दिवसभर गेली नाही. शुक्रवारी दुपारी दोन चाळीसला पुन्हा गेली. त्या वेळी मी घरात होतो, दिवा विझताना मी स्वतः बघितला. आपण एकटेच नव्हतो, याचं मला समाधान वाटलं. त्या समाधानाचीही आता किळस येते.

शनिवार उद्यावर आला होता. मला एक सोपा मार्ग सुचला. दारामागची टाइल काढली, पुसली आणि रागिणीकडे घेऊन गेलो. ती खाली पेटीजवळ होती, पहिल्या मजल्यावरचे देवराव बाजूला उभे होते. त्यांचं कोपऱ्यावरचं किराणा दुकान मुलगा बघतो आणि ते दिवसभर माझ्यासारखेच रिकामे असतात.

"ही पेटीच्या वर चिकटवून देऊ," मी म्हणालो. "मग कुणी थुंकणार नाही."

"बरोबर," देवराव म्हणाले. "देव असला की मानूस आपोआप गिळते."

रागिणीनं टाइल हातात घेतली नाही. "काका, देवाले काहून उभं करता तिथं? तो का वॉचमन आहे?"

"तसं नव्हे, पण लोक घाबरतात."

"देवाच्या तोंडावर थुकाले घाबरते, माह्या वायरीवर थुकाले घाबरत नाई. मंग देवाले समजते तसं वायरीले बी समजलं पाहिजे, कोन कवा थुकलं."

तिनं वहीतून शेवटचं पान फाडलं. त्यावर दोन आठवड्यांच्या तारखा आणि वेळा होत्या. नावं नव्हती. ते पान तिनं पेटीच्या वर भिंतीला चिकटवलं. चारही बाजूंनी टेप लावली. वरती ठळक अक्षरांत एवढंच लिहिलं, "या वेळी माझे हात थांबले. रागिणी, दुसरा मजला."

देवराव चष्मा सावरून वाचू लागले. "हे काय वं पोरी, एसटीचं टाइमटेबल लावलं का?"

"वाचा ना, देवराव काका. तुमची गाडी आहे का पाहा."

देवराव हसले. मग एका ओळीवर त्यांची नजर थोडी थांबली आणि ते खाली गेले. मीही वाचलं. सव्वादहा, सव्वादहा, दहा बारा, सव्वादहा. पानभर मीच होतो.

शनिवारी सकाळी साडेनऊला मी पानठेल्यावर गेलो नाही. घरातलं प्लॅस्टिकचं स्टूल उचललं.

"कुठं निघाले?" वच्छलानं विचारलं.

"जिन्यात बसतो."

"जिन्यात? कोनी मेलं का?"

तिला मी सगळं सांगितलं, बुधवारच्या उलटीसकट. तिनं पाण्याची बाटली भरायला घेतली. मग म्हणाली, "म्हनजे दोन महिने माह्या मालिकेवर तुमीच थुकून राहिले होते." आणि बाटली माझ्या हातात दिली. "बसा. एक वाजेपर्यंत उठू नका."

मी पेटीला पाठ लावून वळणावर बसलो. मला लोकांशी बोलणं जमत नाही. नोकरीतही कुणी मोठ्यानं बोललं की मी नमुने चाळायला लागायचो. तिसऱ्या मजल्यावरचा सागर ऑफिसला जाताना विचारून गेला, काका बरं नाही का. मी मान हलवली. दहा वाजता वरून रागिणीच्या दाराचा बंद होण्याचा आवाज आला.

सव्वादहाला देवराव आले. गाल फुगलेला. आज एकटेच पानठेल्यावर गेले होते. मी बसलेला बघून थांबले, बोटानं सरका अशी खूण केली.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा खूण केली.

"देवराव, इथं थुंकायचं नाही. तिची परीक्षा सुरू आहे वर. बाहेर जाऊन या."

ते खाली उतरले, फाटकाबाहेर थुंकून परत आले. त्यांना राग आला होता.

"लय शहाने झाले, वामनराव. पेटी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी पयल्यांदा कोन थुकलं इथं? म्या डोयानं पाह्यलं. म्या म्हटलं, वामनराव थुकते तं चालत असीन. तुमीच तं ही जागा दाखवली आमाले."

हे खरं होतं. मला आठवलं. टाइल कापडात गुंडाळून घरी ठेवली त्याच्या दुसऱ्या सकाळी वळणावर आलो, कोपरा मोकळा दिसला, आणि मी काही विचार न करता वाकलो. पाच वर्षं अडवून ठेवलेली जागा परत मिळाल्यासारखं वाटलं होतं.

"हो," मी म्हणालो. "मीच."

देवरावांना याची अपेक्षा नव्हती. त्यांनी स्टुलाकडे हात केला. "मंग आता चपराशी बनून बसान का जल्मभर?"

"आज एक वाजेपर्यंत."

ते मला वळसा घालून वर गेले. आपल्या दाराशी जाऊन बसले, पुन्हा खाली आले नाहीत. त्यानंतर दोघंतिघं आले. प्रत्येकाला मला तेच सांगावं लागलं, आणि तुम्ही का बसलात विचारलं की कारणही. तिसऱ्या वेळी जरा कमी अडखळलो. पाठीमागची भिंत ओलसर होती, शर्टाला वास लागला. तो तीन तास माझ्या नाकात होता. तो दुसऱ्यांचा आहे असं म्हणायची सोय नव्हती.

बाराच्या सुमारास मी खिशातला पेन काढला. चिकटवलेल्या पानावर, पहिल्या सव्वादहासमोर, माझं नाव लिहिलं. वामनराव, दुसरा मजला. मग दुसऱ्या सव्वादहासमोर, आणि जी दोनचाळीस, सव्वासहा खात्रीनं माझी होती त्यांच्यासमोर. अठरा ठिकाणी लिहावं लागलं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

एक वाजून गेल्यावर रागिणी खाली आली. बांगड्या अजून घातल्या नव्हत्या.

"टिकलं का?" मी विचारलं.

"टिकलं. एकदा बी नाई गेलं. मॅडम म्हटल्या, चालू ठेवा." ती स्टुलाकडे बघत होती. "तुमी सकाळपासून इथं?"

मी भिंतीकडे बोट केलं. तिनं पान वाचलं, वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ. माझं नाव जिथे जिथे होतं तिथे तिची मान किंचित थांबत होती. मी तिच्या रागावण्याची वाट बघत होतो. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"दोनचाळीस सारे तुमचे नाईत," ती म्हणाली.

"शुक्रवारचं माझं नाही. मला जेवढी माझी माहीत आहेत तेवढीच लिहिली."

तिनं मान हलवली. वर गेली आणि थोड्या वेळानं बादली घेऊन आली. बादलीत फिनाइलचं पाणी, त्यात तारेचा ब्रश आणि तिचे ते हातमोजे. पेटीवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली, बादली माझ्या पायाशी ठेवली.

"वायर वाचवून घासजा, काका," ती म्हणाली. "माहं दोन वाजता पुन्हा काम आहे."

मी स्टूल बाजूला केलं आणि गुडघ्यावर बसलो. हातमोजे माझ्या हातात जाईनात, म्हणून तसंच घासलं. तीन बादल्या पाणी लागलं. वरचा थर निघाला, खालचा चुन्यात मुरलेला लाल डाग निघाला नाही, तो आजही आहे. दोन वाजायच्या आत मी वर आलो. वच्छलानं बेसिनच्या नळाखाली माझ्या हातांवर साबण ओतला आणि नखं घासून दिली. समोरच्या दारातून रागिणीचा बोलण्याचा आवाज सुरू झाला होता.